तपासणीला आलेला दादा

अमेरिकेतून दोन माणसं तपासणीला येणार असं कळल्यापासून आमच्या कारखान्यात पंधरा दिवस रंगकाम चाललं होतं. अंबरनाथच्या आनंदनगरमधल्या त्या कारखान्यात आम्ही डोळ्यांत घालायची औषधं बनवायचो, आणि त्यातला बराच माल अमेरिकेतली एक कंपनी घ्यायची. तीच कंपनी ही माणसं पाठवणार होती. मी तिथे जंतुतपासणीची प्रयोगशाळा सांभाळायचे. अठरा वर्षं झाली होती मला तिथे. इथल्या कंपन्यांची माणसं तपासणीला आली तर त्यांना कॅन्टीनचा वडापाव मिळायचा. अमेरिका म्हटलं की मात्र सगळ्यांच्या अंगात यायचं. पाहुण्यांसाठी वेगळा संडास बांधला. नवे कप आणले. गेटवरच्या वॉचमनकडून ‘वेलकम सर’ची तालीम करून घेतली. आमच्या जनरल मॅनेजर साहेबांनी टेबलावर ठेवायला उल्हासनगरहून दोन छोटे झेंडे शिवून आणले, एक आपला, एक त्यांचा. त्यांच्या झेंड्यावर पन्नास चांदण्या हव्यात. शिवणाऱ्याने मावल्या तेवढ्या बसवल्या होत्या. कोण मोजत बसणार आहे, असं साहेब म्हणाले.

पाहुण्यांची नावं वरच्या लोकांनाच ठाऊक होती. मला नव्हती.

गाडी आली तेव्हा आम्ही सगळे एप्रन घालून पायऱ्यांवर उभे होतो. आधी एक गोरी, पंचविशीतली मुलगी उतरली. साहेब पुढे झाले, मोठा गुच्छ तिच्या हातात दिला, शाल घातली, वाकून बोलू लागले. गाडीच्या दुसऱ्या दारातून एक सावळा, टक्कल पडलेला माणूस उतरून शांतपणे बाजूला उभा राहिला. त्याला इथलाच कुणीतरी एजंट समजून कुणी विचारलंही नाही. शेवटी त्या मुलीनेच गुच्छ त्याच्याकडे दिला आणि सांगितलं की साहेब हे आहेत, मी यांच्या हाताखाली शिकते आहे. आमच्या साहेबांचा चेहरा क्षणभर पडला. वॉचमन ‘वेलकम’ म्हणायचं विसरला.

माझं मात्र तोंड उघडंच राहिलं होतं. तो माझा दादा होता.

दादा माझा मावसभाऊ. बारवी धरणाच्या काठच्या एका गावात त्याच्या वडिलांची भातशेती होती. गावात शाळा सातवीपर्यंत, म्हणून आठवीला तो आमच्याकडे अंबरनाथ पूर्वेला आला, आणि बीएस्सी होईपर्यंत, म्हणजे आठ वर्षं, आमच्या दोन खोल्यांत राहिला. मी त्याच्याहून तीन वर्षांनी लहान. सायन्स घे असं मला सांगणारा तोच. सूक्ष्मदर्शकातून पहिल्यांदा काय बघायचं असतं तेही त्यानेच शिकवलं. माझे वडील कारखान्यातून आले की त्यांच्या ताटाशेजारी त्याचं ताट असायचं. पुढे नोकरी करून तो अमेरिकेला शिकायला गेला आणि तिकडचाच झाला. त्याचे आईवडील गेले, धरणाची उंची वाढवल्यावर गावही पाण्याखाली गेलं, आणि त्याचं येणं थांबलं. दिवाळीला फोन यायचा. माझ्या आईशी बोलायचा, माझ्याशी दोन वाक्यं. मी कुठे काम करते हे त्याला आईकडून ठाऊक होतं.

मीटिंगच्या खोलीत सगळ्यांची ओळख करून दिली. माझ्यापर्यंत येताच मी हसले. त्याने हात पुढे केला आणि इंग्रजीत म्हणाला, ‘तुम्हाला भेटून आनंद झाला, मॅडम.’ डोळ्यांत काहीसुद्धा नव्हतं. खाली बसल्यावर टेबलावरचा तो झेंडा उचलून त्याने उलटसुलट करून पाहिला, चांदण्यांवरून बोट फिरवलं आणि परत ठेवून दिला.

मी मनात म्हटलं, कामाच्या जागी आहे, बरोबर ती मुलगी आहे, चारचौघांत कशाला नातं दाखवेल. पण आतून लागलं होतं. त्या लागण्यातच माझी चूक झाली. जेवणाच्या सुट्टीत मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि सांगून टाकलं की हा माझा भाऊ आहे, आमच्या घरात वाढलाय. मला वाटतं, मला कुणालातरी सांगायचंच होतं.

साहेब उठले आणि त्यांनी दार लावलं. म्हणाले, ‘मॅडम, हे आधी सांगायचं ना! आम्ही उगाच घाबरत होतो. हा तर आपलाच माणूस निघाला.’ मग त्यांनी मला समजावलं की बाहेर बोलू नका, पण त्याला घरी बोलवा, जेवायला घाला, जुन्या आठवणी काढा. कागद कुठे थोडे कमीजास्त असतील, आपला माणूस समजून घेतो. संध्याकाळी त्यांनी कारखान्याची गाडी माझ्या दिमतीला दिली आणि वर मिठाईचा मोठा बॉक्सही त्यात ठेवला. अठरा वर्षं मी कंपनीच्या बसने जात होते.

मला बोलवावं लागलंच नाही. साडेसहाला त्याचाच फोन आला. इंग्रजी नव्हतं आता. ‘अगं, मावशीला भेटायला येऊ का?’ त्या एका वाक्याने माझा दिवसभराचा राग गेला.

लग्नानंतर मी बदलापूर पश्चिमेला राहते, नदीपासून जवळच. नवऱ्याची नोकरी ठाण्याला, आणि वडील गेल्यापासून आई आमच्याकडेच आहे. दादा आला, आईच्या पाया पडला आणि तिच्या खुर्चीशेजारी फरशीवरच बसला. आई ऐंशीच्या घरातली. तिने त्याच्या टकलावरून हात फिरवला आणि म्हणाली, ‘केस तिकडेच ठेवून आलास?’ मी तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, सुकटीची चटणी केली, वालाचं बिरडं केलं. तो हाताने, कोपरापर्यंत ओघळ जाईस्तोवर जेवला. बोलण्यात त्याच्या गावचा हेल परत येत होता.

आईने त्याला विचारलं की तिकडे सगळे तुला आपला समजतात का. तो म्हणाला, नागरिक होऊन बारा वर्षं झाली. हात वर करून शपथ घेतली, झेंडा मिळाला. पण अजून रोज कुणीतरी विचारतं, तू कुठला. मी म्हणतो, अमेरिकेचा. ते म्हणतात, हो, पण खरा कुठला? आणि इथे हॉटेलात पासपोर्ट दाखवला तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, साहेब, मराठी कुठे शिकलात? आम्ही हसलो. तो पण हसला. मग म्हणाला, ऑफिसात मला भारतातल्या कारखान्यांवर पाठवायचं म्हटलं की एकजण हमखास म्हणतो, हा त्यांना सोडून देईल. दरवेळी मला दाखवून द्यावं लागतं की मी सोडत नाही.

हे मी ऐकलं. भाकरी वाढता वाढता ऐकलं. त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नाही.

आईने मग सांगितलं की आमच्या रेशनकार्डावर अजून त्याचं नाव आहे. शाळेच्या दाखल्यासाठी वडिलांनी घातलं होतं, काढायचं राहून गेलं, आणि नंतर काढवेना. तो म्हणाला, ‘काढून टाक मावशी. मी आता इथला नाही कागदावर.’ आई म्हणाली की कागदावर कोण बघतंय.

जेवण झाल्यावर त्याने विचारलं की जिन्यात भिंतीवर ती तपकिरी रेघ कसली. मला तेवढंच हवं होतं. दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये नदी बाहेर आली होती, त्या पाण्याची ती खूण. मी रंगवून सांगायला लागले. शुक्रवारी रात्री पाणी सोसायटीत शिरलं, तळमजल्यावरची चारही कुटुंबं आमच्या मजल्यावर आली, बारा माणसं आमच्या हॉलमध्ये झोपली. वीज नाही, दूध नाही. शनिवार आणि रविवार, दोन्ही दिवस कुणी खालची पायरीसुद्धा उतरू शकलं नाही. रविवारी दुपारी होडी आली ती फक्त आजारी माणसांना नेणारी. मी थेट सोमवारी, गुडघाभर चिखलातून, कामावर गेले. नवरा मध्ये मध्ये भर घालत होता. आईने सांगितलं की बारा माणसांसाठी तिने खिचडी कशी पुरवली. दादा मन लावून ऐकत होता. त्याने एकदाच विचारलं, ‘म्हणजे शनिवार-रविवार तू इथेच?’ मी म्हटलं, हो मग, जाणार कुठे.

मला त्या क्षणी खरोखर काही आठवलं नाही. हे कुणाला पटत नाही, पण तसंच आहे.

काय झालं होतं ते सांगते. कारखान्यात येणारं पाणी बारवीचं. ते बरंच शुद्ध करून औषधात वापरतात, आणि त्यात जंतू आहेत का हे रोज तपासून रजिस्टरमध्ये लिहावं लागतं. पुराच्या त्या दोन दिवसांत अंबरनाथला पाणी भरलं नव्हतं. जवळ राहणाऱ्या कामगारांवर कारखाना चालू राहिला होता. मात्र मी बदलापुरात अडकलेली आणि माझी मदतनीस वांगणीला, त्यामुळे पाण्याची तपासणी झालीच नाही. सोमवारी साहेब म्हणाले की माल तर तयार झालाय, दोन ओळी कोऱ्या राहिल्या तर सगळा फेकावा लागेल, शुक्रवारचं पाणी आणि सोमवारचं पाणी ठीक आहे, मग मधलं काय वेगळं असणार. भरून टाका. मी दोन ओळी भरल्या. जंतू नाहीत, असं लिहिलं आणि खाली सही केली, शनिवारची आणि रविवारची. मग विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला दादा आणि ती मुलगी माझ्या प्रयोगशाळेत आले. साहेब मागे उभे होते, खुशीत. दादाने पाण्याचं रजिस्टर मागितलं. कपाटात सात वर्षांची रजिस्टरं होती. त्याने सांगितलं, दोन वर्षांपूर्वीचं, जुलैचं.

तेव्हा मला त्या दोन ओळी आठवल्या.

त्याने पानं उलटली, बोट ठेवलं आणि इंग्रजीत विचारलं की या दोन दिवशी तुम्ही प्रयोगशाळेत होतात का. सही माझी होती. बोटाच्या बरोबर खाली.

मी म्हटलं, ‘दादा...’

त्याने वर पाहिलं नाही. ‘इंग्रजीत बोला, मॅडम. माझ्या सहकारी बाईंना कळायला हवं.’

ती मुलगी वहीवर पेन टेकवून थांबली होती. साहेब डोळ्यांनी मला खुणावत होते, हो म्हणा. आणि मी हो म्हटलं असतं, त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर. पण काल रात्री माझ्या हातची भाकरी खाऊन ज्याने विचारलं होतं, म्हणजे तू इथेच, त्याच्या तोंडावर मी काय हो म्हणणार होते. मी म्हटलं, नव्हते. मुलीने लिहून घेतलं. दादाने त्या पानाचा फोटो काढला आणि पुढचं रजिस्टर मागितलं.

दुपारी तीनपर्यंत साहेबांचा खुलासा तयार होता. त्यात लिहिलं होतं की प्रयोगशाळा प्रमुखांनी व्यवस्थापनाला अंधारात ठेवून स्वतःच्या मर्जीने नोंदी केल्या. पुरानंतरच्या त्या सोमवारी त्यांनी मला जे सांगितलं होतं ते तोंडी होतं. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, बसा म्हटलं नाही, आणि राजीनाम्याचा मसुदा पुढे केला. म्हणाले की मी तुम्हाला गाडी दिली, मिठाई दिली, आणि तुम्ही घरी बसवून त्याला सगळं सांगितलंत. मी म्हटलं, साहेब, घरी बोलवा असं तुम्हीच सांगितलं होतं. ते म्हणाले, प्रेमाने जेवायला घाला म्हटलं होतं.

सही करून कपाटातलं माझं सामान घ्यायला गेले तोवर गोष्ट कारखानाभर झाली होती. माझी मदतनीस, जिला मी आठ वर्षं शिकवलं, ती पाठ करून परीक्षानळ्या धूत राहिली. मागे कुणीतरी म्हणालं की हिला ग्रीन कार्ड मिळणार असेल, भावाने शब्द दिला असेल, उगाच कोण स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतं. सगळ्यांना पटण्यासारखं तेच होतं. अमेरिकेचा माणूस घरी जेवायला येतो म्हणजे काहीतरी घेण्यादेण्याचं असणारच. मी सांगितलं असतं की मी फक्त पुराची गोष्ट सांगितली, तर कुणाला खरं वाटलं असतं?

तिसऱ्या दिवशी मी घरीच होते. दुपारी दादा आला. विमान रात्रीचं होतं. आईने दार उघडलं. तिला मी सगळं सांगितलं होतं. तरी तिने त्याला पाणी दिलं.

पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला की रिपोर्टात त्याने माझं नाव लिहिलेलं नाही, फक्त पद लिहिलंय. मी म्हटलं, त्या पदावर कारखान्यात मी एकटीच होते.

‘ते औषध लोकांच्या डोळ्यांत जातं,’ तो म्हणाला. ‘मला कळल्यावर मी काय करायचं होतं?’

‘मला सांगायचं होतंस. त्याच दिवशी, इथे. म्हणायचं होतंस, उद्या मी ते पान उघडणार.’

‘सांगितलं असतं तर सकाळी ते पान राहिलं असतं का?’

मी म्हटलं, राहिलं असतं. आज मला त्याची खात्री नाही. तेव्हाही नव्हती. पाण्याच्या बाबतीत तो बरोबर होता, हे मी त्याच्यासमोर कबूल केलं नाही, पण रोज स्वतःशी करते. त्या दोन दिवसांचं पाणी चांगलं होतं की वाईट, हे या जगात कुणालाच माहीत नाही. मी लिहिलं मात्र होतं.

मग मी विचारलं की मी तिथे काम करते हे ठाऊक असताना तू आलासच कसा. तुमच्याकडे असलं चालतं? तो म्हणाला, त्याने आधीच कळवलं होतं. माझी बहीण तिथे आहे, दुसऱ्याला पाठवा, असं लिहून दिलं होतं. वरच्यांनी उत्तर दिलं की उलट बरंच आहे. ‘म्हणाले, तुला तिथली भाषा कळते. दुसऱ्याशी जे बोलणार नाहीत ते तुझ्याशी बोलतील.’

आई म्हणाली, ‘मग बोललो आम्ही.’

एवढंच. आवाज चढवला नाही. दादाने चेहरा दोन्ही हातांत धरला. तो रडत होता की नाही ते मी पाहिलं नाही, मी स्वयंपाकघरात निघून गेले. गॅसपाशी उभी राहून मी विचार करत होते की माझ्या साहेबांनी मला सांगितलं की त्याला भाऊ म्हणून वापर, आणि त्याच्या साहेबांनी त्याला सांगितलं की मला बहीण म्हणून वापर. मी भाबडेपणाने ऐकलं, त्याने समजून उमजून. आपला माणूस, आपला माणूस, असं इथे सगळे म्हणत होते, आणि त्याचा अर्थ एवढाच की आपल्यासाठी डोळे मिटेल तो. माझ्याही मनात दुसरा कुठला अर्थ होता का, हे मी स्वतःला विचारलं. तरी राग गेला नाही. बाहेर दार लागल्याचा आवाज आला. आईच्या पाया पडून तो गेला होता. माझ्यासाठी थांबला नाही, आणि थांबला असता तर मी बाहेर आले असते असंही नाही.

कारखान्याचं काही बिघडलं नाही. चारेक महिने माल थांबला, मग नवा प्रयोगशाळा प्रमुख नेमला आणि पुन्हा सुरू झाला. साहेब आहेत तिथेच आहेत. मला वर्षभर आनंदनगरमध्ये कुणी दारात उभं केलं नाही. शेवटी उल्हासनगरला एका लहान लॅबमध्ये काम मिळालं. तिथे सोसायट्यांच्या टाक्यांचं पाणी तपासतो. मालक सिंधी आहेत, म्हातारे. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं की आधीची नोकरी का सुटली. मी होतं तसं सांगितलं. ते म्हणाले की त्यांच्या वडिलांना फाळणीनंतर सिंधमधून इकडे आल्यावर लोक कितीतरी वर्षं परकेच म्हणत. मग मला लॅबची चावी दिली.

दादा दर रविवारी आईला फोन करतो. ती त्याच्याशी पावसाचं आणि गुडघ्यांचं बोलते. मी समोर असले तरी ती फोन माझ्याकडे देत नाही आणि तोही मागत नाही. त्याने मला एकदा लांबलचक मेसेज पाठवला होता. त्यात तिकडे ये, राहा, मी सगळी व्यवस्था करतो, असं होतं. म्हणजे कारखान्यातले लोक म्हणत होते ते खरं होण्याची वेळ आली होती. मी उत्तर दिलं नाही.

गेल्या महिन्यात त्याच्या मुलीचा फोन आला. एकोणीस वर्षांची आहे, तिकडेच जन्मली. मी तिला फक्त फोटोत पाहिलंय. अडखळत, शब्द जुळवत मराठी बोलते. म्हणाली, ‘आत्या, बाबांचं गाव धरणात गेलं ना, ते मला बघायचं आहे. तुमच्याकडे राहिले तर चालेल?’ बाबांना विचारलंस का, असं मी म्हटलं. तिने सांगितलं की ते म्हणाले, आत्याला विचार, ती नाही म्हणाली तर हॉटेल बघू.

मी तिला ये म्हटलं.

फोन ठेवल्यावर आईने विचारलं, ‘ती आली की तिच्यासमोर काय बोलायचं आणि काय नाही?’

इतक्या वर्षांत आमच्या घरात हा प्रश्न कुणी पाहुण्याबद्दल विचारला नव्हता. मी म्हटलं, जेव म्हणायचं. बाकीचं मला अजून माहीत नाही.